दसऱ्याचा डोस

११ ऑगस्ट २०२५, सोमवार

वैरागडे सरांनी आज मला आणि अंजूला लॅबची वही दिली आणि बजावलं, की हिच्यात ‘मला वाटतं’, ‘बहुतेक’, ‘अरे वा’ असलं काही लिहायचं नाही. जे दिसलं ते, जे मोजलं ते, बस. माझ्यासारखीला हे कसं जमायचं बाप्पा? माझा निम्मा दिवस ‘मला वाटतं’वर चालतो. म्हणून घरी येऊन ही दुसरी वही काढली. हिच्यात मी पाहिजे तेवढं वाटून घेणार.

काम असं आहे. सर आधी पुण्याच्या एका संस्थेत होते. तिथं माणसाच्या रक्तातल्या पेशी घेऊन त्यांना उलट्या दिशेनं नेतात, गर्भातल्या पेशींइतक्या कोऱ्या करतात. मग त्यांना हृदयाच्या पेशी व्हायला लावतात. तशा पेशी गोठवून वर्ध्याला आल्यात. आम्ही बी.एस्सी. तिसऱ्या वर्षाच्या दोन पोट्ट्या त्या वितळवणार, जेलीत मिसळणार, दोन इवल्या रबरी खांबांमधे बसवणार, आणि तांदळाच्या दाण्याएवढी हृदयाची पट्टी तयार होणार. ती आपली आपण धडधडते म्हणे. अजून पाहिली नाही, म्हणून ‘म्हणे’.

पट्ट्या दोन माणसांच्या. ‘क’ म्हणजे ठणठणीत माणूस. ‘ख’ म्हणजे ज्याच्या हृदयाची भिंत जाड आहे तो. तसलं हृदय जोरात आवळतं, पण सैल व्हायला फार वेळ घेतं. त्याला औषध देऊन ते नीट सैल होतं का, हे आम्ही बघणार.

माझ्या मोठ्या भावाच्या, रुपेशदादाच्या हृदयाची भिंत अशीच जाड होती. तो पोलीस भरतीची तयारी करत होता. दोन वर्षांपूर्वी सोळाशे मीटरच्या चौथ्या राउंडला ग्राउंडवर पडला तो उठलाच नाही. भिंतीचं आम्हाला नंतर कळलं. बाबाही असेच झोपेत गेले होते, मी सहा वर्षांची असताना. तेव्हा कोणी काही विचारलं नव्हतं. दादाच्या वेळी डॉक्टर म्हणाले, घरच्या सगळ्यांनी इको करून घ्या, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. आईची आणि माझी चांगली निघाली. धाकट्या अश्वजितनं अजून केली नाही. एकोणीस वर्षांचा घोडा, तोही भरतीसाठीच पळतो. तपासणीचं नाव काढलं की उठून जातो.

सरांना यातलं काही सांगितलं नाही. कीव करून काम दिलं असं व्हायला नको.

१९ ऑगस्ट, मंगळवार

धडधडली! ख-तीन नंबरची पट्टी सकाळी सव्वाअकराला धडधडली!

आधी मला वाटलं, टेबल हललं. अंजूला म्हटलं, तू पाय हलवू नको. ती म्हणे, “मी तं श्वास पण नाई घेऊन राह्यली वं.” मग परत झालं. पट्टीच्या एका टोकाला बारीक आकडी आल्यासारखं, आणि खांब एवढासा आत वाकला. मग काही नाही, नुसतं तिच्याभोवतीचं गुलाबी पोषक पाणी. मग परत. आम्ही दोघी सूक्ष्मदर्शकासाठी एकमेकींना ढकलत होतो. सर मागं कधी येऊन उभे राहिले ते कळलंच नाही. त्यांनाही पाहायचं होतं, पण सर असल्यामुळे त्यांना ढकलता येत नव्हतं.

डोक्यात शंभर प्रश्न. तिला सुरुवात कर म्हणून सांगितलं कोणी? मेंदू नाही, नस नाही, रक्त नाही. आणि तो पुण्याचा माणूस, ज्याचं हे आहे, तो आत्ता कुठंतरी चहा पीत बसला असेल. त्याला पत्ता तरी आहे का, की त्याच्या हृदयाचा दाणा वर्ध्यात आमच्याकडे सदतीस डिग्रीवर ठेवलाय?

मोबाइलवर व्हिडिओ काढून घरी नेला. आई अंगणवाडीतून नुकतीच आली होती. तिनं पदराला हात पुसले, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “हे झोपत नाई काय वं कधी?” एवढी पुस्तकं वाचली, पण हे विचारायचं सुचलं नव्हतं. अश्वजितनं लांबूनच पाहिलं आणि म्हणाला, “हे बिमारवालं आहे काय? मंग चांगल्यावानी काऊन दिसून राह्यलं?” मी उलटून एवढंच म्हटलं, तू एकदा तपासणी कर, मग तुझंही चांगल्यासारखं दिसतं का पाहू. झालं, साहेब उठून गेले.

३१ ऑगस्ट, रविवार

पट्ट्यांना सुट्टी नसते. रविवारीही अंजू आणि मी आळीपाळीनं जाऊन त्यांचं पाणी बदलतो. आज माझी पाळी होती. गावाहून, म्हणजे आंजीहून, पहिली एसटी पकडली, काम केलं आणि जेवायला घरी.

ख-च्या पट्ट्या खरंच वेगळ्या आहेत. आवळतात जोरात, पण सोडताना अडतात. घट्ट झाकणाची बरणी उघडताना मनगट अडतं तसं. क-चं सैल होणं कसं मोकळं असतं! मी आता नाव न वाचता सांगू शकते कोणती कोणाची. सर म्हणाले, “सांगू शकतेस ना? मग मोजून दाखव.” सर म्हणजे सर.

अश्वजित आळशी झालाय. सकाळी साडेपाचला ग्राउंडवर जातो आणि साडेसहाला परत. आज तर बनियन कोरडं ठक्क. मी म्हटलं, काय बे, ग्राउंडवर पळतो का लोकांचं पळणं पाहतो? चिडला. कोपर खरचटलं होतं. खड्ड्यात पाय गेला म्हणे. एवढं सपाट ग्राउंड आणि नेमका खड्डा यालाच सापडतो! मागच्या आठवड्यातही गुडघा फोडून आला होता. मी भरपूर हसून घेतलं.

मग मी व्हिडिओ मोजत बसले, तर मागं येऊन उभा राहिला. विचारतो, “ताई, हे बंद पडायच्या आधी काई निशाणी देते काय?” मी म्हटलं, आमची एकही बंद पडली नाही अजून, कशाला पनवती लावतो? तर म्हणे, “सहज विचारलं.” विज्ञानात रस घ्यायला लागलाय, हे एक बरं झालं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज एक मजाच झाली. पट्टीत न बसवलेल्या पेशींचे दोन पुंजके एका थाळीत होते. दोघांची चाल वेगळी, एक घाईचा, एक सुस्त. सकाळी पाहिलं तर ते वाढत वाढत एकमेकांना चिकटले होते आणि एकाच ठेक्यात चालत होते. कोणी कोणाचं ऐकलं? सुस्तानं घाई केली की घाईवाल्यानं दम खाल्ला? सर म्हणाले, जुने व्हिडिओ काढून दोघांचे ठोके मोजा, तुम्हालाच कळेल. मोजले. घाईवाला जिंकला.

अंजू म्हणाली, “आमच्या घरी बी असंच आहे. आजी म्हणन ते.” तिचं घर म्हणजे कापडाचं दुकान आणि दुकानाच्या वर दहा माणसं. या कामात मला ती मिळाली हे नशीब. नाहीतर सणाला गोड बोलणाऱ्या आणि डबा खाताना सरकून बसणाऱ्या मैत्रिणीही पाहिल्यात मी. अंजू माझ्या डब्यात हात घालते, न विचारता.

२८ सप्टेंबर, रविवार

बुधवारपासून ख-ला औषध सुरू केलं. रोज एक बारीक नळी फोडायची, औषध पट्ट्यांच्या पाण्यात घालायचं आणि तक्त्यावर सही करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी, पाणी बदलायच्या आधी, व्हिडिओ. आज चार दिवस झाले. फरक शून्य. ख-बाई आपल्या अडूनच बसल्यात.

घरी आज भांडण झालं. आईनं अश्वजितसमोर ताट ठेवलं आणि हात जोडले, की बाबा, एकदा तपासून घे. आईनं हात जोडलेले मला पाहवत नाहीत. तो म्हणाला, “काई निघालं तं? भरती गेली. मंग मी काय करू, घरी बसू? आन् निघाल्यावर त्याच्यावर दवाई तरी आहे काय?” मी म्हटलं, आहे, डॉक्टर सांगतील. तर म्हणतो, “डॉक्टरचं नको सांगू. तू रोज ज्याले दवाई देऊन राह्यली, त्याले फरक पडला काय?”

म्हटलं, अजून नाही.

“मंग पडला की सांगजो. त्या दिवशी मी येतो. बुद्धाशपथ येतो.”

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही हे माझ्याच हातात आहे. म्हणजे आता आमच्या घरचा मुलगा तपासायला जाणार की नाही, हे त्या तांदळाच्या दाण्यावर ठरणार. मी त्याला सांगायला पाहिजे होतं, की थाळीतलं वेगळं आणि माणसातलं वेगळं. सांगितलं नाही. खरं लिहायचं तर मलाही आवडलं, की काहीतरी माझ्या हातात आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. कॉलेज बंद. पुण्याला जायच्या आधी सकाळचा व्हिडिओ आणि पाणी सर करणार, औषधाची पाळी माझी.

दरवर्षीसारखी पहाटे आईसोबत दीक्षाभूमीला गेले. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. आई महिला मंडळाच्या बायकांत बसून गाणी म्हणत होती. वंदना केली, पुस्तकांच्या दुकानांतून फिरले. दुसऱ्या कोणत्याही वर्षी मी दिवस मावळेपर्यंत राहिले असते. पण माझं चित्त पट्ट्यांत. अंजूला पाळी बदलून मागता आली असती, पण तिच्या दुकानात आज पूजा, सोनं द्यायला येणारी शंभर माणसं. बिचारीला सणाच्या दिवशी कशाला त्रास? फोनला तर गर्दीत रेंजच नव्हती. आईला बायकांसोबत सोडलं आणि दुपारी एकटीच परतीच्या गाडीत घुसले. साडेपाचला लॅब उघडली. नळी फोडली, औषध घातलं, सही केली. पायांचे तुकडे पडले होते, पण बरं वाटलं. पट्ट्या काही आपला सण पाहून थांबत नाहीत.

४ ऑक्टोबर, शनिवार

लिहू कसं?

काल सकाळचा व्हिडिओ आज मोजला. ख सैल झाली! अगदी क-सारखी! मी तीनदा मोजलं, मग अंजूनं मोजलं, मग मी तिला दाबून मिठी मारली. सर पुण्याला गेलेत. त्यांना फोन केला तर म्हणाले, “छान. सोमवारी पुढच्या दिवसांचे पाहू. तोवर कोणाला सांगू नका.”

कोणाला म्हणजे बाहेरच्यांना, असं मी धरलं. घरी धावत गेले. अश्वजित ओट्यावर बसला होता. दोन्ही व्हिडिओ दाखवले, औषधाआधीचा आणि नंतरचा. त्यानं ते किती वेळ पाहिले देव जाणे. मग विचारलं, “कवा जायचं?”

आई चुलीपाशी होती. ती तशीच खाली बसली आणि रडायला लागली. आम्ही तिघंही वेड्यासारखे हसत-रडत होतो. सेवाग्रामच्या दवाखान्यात गुरुवारचा नंबर लागला.

६ ऑक्टोबर, सोमवार

घात झाला.

शनिवारचा, रविवारचा आणि आजचा व्हिडिओ मोजला. ख परत अडली. जशी होती तशी. म्हणजे फक्त तीन तारखेच्या सकाळी सैल होती. एकच दिवस कशी? पाणी तेच, औषध तेच, तापमान तेच. मला आधी राग आला नाही, नवल वाटलं. असं एका दिवसापुरतं काय घडलं असेल? कारण शोधायला मी एकेक वस्तू तपासत गेले. औषधाच्या नळ्यांचा डबा उघडला. तक्त्यावर जितके दिवस, त्याहून एक नळी जास्त गेलेली.

अंजूला विचारलं. तिचा चेहराच उतरला. म्हणाली, “दसऱ्याले मी आलती. तू नागपूरले गेलती नं. तुमचा एवढा मोठा दिवस, तुले मधातून यायला नको म्हून मी दुकानातून सटकून बारा वाजता दवाई टाकून गेली.”

“मग सही?”

“पाळी तुही होती. म्हटलं जागा खाली ठेवतो, तू आल्यावर करशीन. मंग तुही सही पाह्यली, मले वाटलं तू नुसती सही केली.”

म्हणजे मी तिच्या दसऱ्यासाठी धावत आले आणि ती माझ्या दीक्षाभूमीसाठी. दोघींनी औषध घातलं. ख-ला दुप्पट डोस गेला. आम्ही आधी खूप हसलो. मग अंजू रडायला लागली, आणि मला अश्वजितचा गुरुवारचा नंबर आठवला.

सर दुपारी आले. ओरडले नाहीत. “वहीत लिहा. दोघींनी लिहा, वेळेसकट,” एवढंच म्हणाले. लिहून झाल्यावर म्हणाले, की हा निकाल नाही, पण प्रश्न मात्र चांगला आहे. दुप्पट डोस खरंच चालतो का, हे नव्या पट्ट्यांवर नीट करून पाहू. दीड-दोन महिने लागतील. मी विचारलं, तोवर काय म्हणायचं? चालतं की नाही चालतं?

“तोवर माहीत नाही असं म्हणायचं. आणि कितीही चाललं तरी थाळी पाहून माणसाचं ठरवायचं नाही.”

७ ऑक्टोबर, मंगळवार

अश्वजितला सांगू की नको?

गुरुवार परवावर आला. तपासणी झाल्यावर सांगितलं तर काय बिघडतं? तो एकदा जाऊन तर येईल. आई दोन दिवसांपासून गुणगुणतेय. सांगितलं आणि तो परत अडला तर ते पाप माझ्या माथी.

पण एक गोष्ट आहे. ती मी कुठंच लिहिलेली नाही. दादा जायच्या महिनाभर आधी आम्ही दोघं एसटीची वाट पाहत उभे होतो. तो म्हणाला, पळताना दोनदा डोळ्यांपुढं अंधार आला, खालीच बसलो. आईले सांगजो नको, भरती होऊन जाऊ दे. मी म्हटलं, बरं. एवढंच म्हटलं, बरं! मला वाटलं, ऊन लागलं असेल. दोन वर्षं झाली, मी आईला सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर दादा आज असता का, हे मोजायचं यंत्र कोणाकडेच नाही.

या घरात मी एकदा गप्प बसलेय.

८ ऑक्टोबर, बुधवार

सांगितलं. सगळं. नळ्या, अंजू, सही, सगळं.

तो बुटांच्या नाड्या ओवत होता. म्हणाला, “म्हंजे चालत नाई?”

“माहीत नाही.”

“माहीत नाई म्हंजे?”

“म्हणजे माहीत नाही, अशू. कदाचित दुप्पट दिल्यावर चालतं, कदाचित नाही. मला आनंद झाला आणि मी घाई केली. चुकलं माझं. तू पट्टीसाठी येऊ नको. यायचं असेल तर तुझ्यासाठी ये, आईसाठी ये.”

त्यानं नाड्या ओवल्या, सोडल्या, परत ओवल्या. जेवला नाही. आईनं मला विचारलं, काय झालं? मी तिलाही सांगितलं. आईनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, “उद्याचा दिवस तरी थांबली असती माय.” मी तोंड लपवून रडले. मला वाटतं, मी सगळं घालवलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी मी आणि आई नुसत्याच तयार होऊन बसलो होतो, कोणाला काही न विचारता. अश्वजित आंघोळ करून आला, निळा शर्ट घातला आणि म्हणाला, “बस निंघून जाईन नं.”

एसटीत माझ्या शेजारी बसला. मला राहवलं नाही. म्हटलं, काऊन आला बे? तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, “तू सांगितलं नसतं अन् मले मांगून समजलं असतं, तं मी तुही एकबी गोष्ट मानली नसती. आता निदान डॉक्टरचं तू खरंखुरं सांगशीन.”

इकोच्या खोलीत मला आत येऊ दिलं. तो डाव्या कुशीवर झोपला. पडद्यावर त्याचं हृदय आलं. दोन महिने मी तांदळाचा दाणा पाहत होते, आणि हे एवढं मोठं, दारं उघडत-मिटत चाललेलं. भीती वाटायला पाहिजे होती, पण खरं सांगते, आधी नवलच वाटलं. मग भिंत दिसली. मशीनवाल्या ताई परत परत एकाच जागी मोजत होत्या. मला कळलं. आवळणं जोरात, सोडणं अडून.

डॉक्टर म्हणजे तरुण बाई होत्या. आम्हा तिघांना समोर बसवून त्यांनी सरळ सांगितलं. भिंत जाड आहे. एकवीस मिलिमीटर. पळणं आजपासून बंद, भरतीचं विसरायचं. औषधं आहेत, आजच सुरू करू. काहींना छातीत एक यंत्र बसवावं लागतं. तुम्हाला लागेल का हे ठरवायला अजून तपासण्या आणि काही प्रश्न. अश्वजित निळ्या शर्टाचं बटन पिळत होता. त्याचे डोळे भरले होते. आईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर त्यानं झटकला नाही.

डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाल्या, “जो मोठा मुलगा गेला, त्याला आधी कधी चक्कर, भोवळ असं काही?”

“हो.”

तिघंही एकदमच बोललो.

डॉक्टरांनी मान वर केली. मी आईकडे पाहिलं. आईनं अश्वजितकडे. अश्वजितनं माझ्याकडे.

“मले म्हने, पोट्ट्याहीले सांगू नको, घाबरतीन,” आई म्हणाली.

“मले म्हने, ताईले सांगजो नको, ते आईले सांगते,” अश्वजित म्हणाला.

मी कसंबसं म्हटलं, “मलेबी सांगितलं होतं, आई.” आईनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं आता ती रागावेल. तिनं माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी अश्वजितला विचारलं, “आणि तुला?”

त्याची मान ‘नाई’ म्हणायला हलली होती, मी पाहिलं. मधेच थांबली.

“हो,” तो म्हणाला. “चारदा. ऑगस्टात दोनदा पडलो ग्राउंडवर. तवापासून पळतच नाई मी, नुसता जाऊन बसतो. मंग एकदा एसटीत. आन् परवा न्हानीत.”

“केव्हा, कसं, काय करत असताना, नीट सांग,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी कोरा कागद घेतला. तो सांगत गेला, आणि मी आणि आई पहिल्यांदाच ऐकत होतो.